विम्याच्या मदत केंद्राच्या फोनवर विसंबू नका, हमीपत्र लेखी मागा

तुम्ही काल रात्री लिहिलंत की आई-बाबांच्या टूरची बस इटलीत उलटली, बाबा आयसीयूत आहेत, आईचं खुब्याचं हाड मोडलंय आणि विम्याच्या मदत केंद्रातून रोज एकच उत्तर येतं, "प्रोसेसमध्ये आहे." वाचून पोटात गोळा आला. माझे मोठे दीर आणि जाऊबाई ऑस्ट्रियात भाड्याच्या गाडीच्या अपघातात सापडले, तेव्हा आम्हाला डोंबिवलीत बसून हेच वाक्य ऐकावं लागलं होतं.

वकिलातीला कळवणं, पासपोर्ट-पॉलिसीच्या प्रती जमवणं हे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही. मी वकील नाही, विमा एजंटही नाही. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते तुम्हीच नीट वाचा.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो त्या मदत केंद्राने. पॉलिसी विकणारी कंपनी एक असते आणि तिकडच्या हॉस्पिटलशी बोलणारी, म्हणजे हे मदत केंद्र चालवणारी, बहुतेक वेळा दुसरीच. हॉस्पिटलला हवं असतं पैसे भरण्याचं हमीपत्र. तातडीचं ऑपरेशन त्यावाचून अडलं नाही, पण पुढे रिहॅबमध्ये हलवायचं, भारतात आणायचं म्हटल्यावर सगळं त्या एका कागदापाशी येऊन थांबलं. दर फोनला नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून कहाणी. मग त्यांनी दिरांच्या डायबेटिसचे जुने केसपेपर मागितले. मांडीचं हाड गाडीखाली मोडलंय, त्याचा साखरेशी काय संबंध? तरी माझे मिस्टर फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बसून राहिले, हाताने लिहिलेले कागद स्कॅन केले, पाठवले. त्यावर उत्तर आलं की अक्षर लागत नाही. तिकडे जाऊबाई मोडक्या मनगटाने, भाषा येत नसताना, बिलिंगच्या खिडकीवर उभ्या होत्या. आजही आठवलं की संताप होतो. त्या माणसांना पलीकडे कोण आहे याची जाणीवच नव्हती.

म्हणून माझं ठाम मत: फोनवर गोड बोलून काही होत नाही. आजच एक ई-मेल लिहा. विषयात क्लेम नंबर आणि पेशंटचं नाव. मजकूर दोन ओळींचा: हमीपत्र हॉस्पिटलच्या बिलिंगला कधी पाठवताय ते लेखी कळवा, नाकारत असाल तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली तेही लिहा. तो मदत केंद्राला, विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि टूर कंपनीला एकदमच पाठवा. पुढचं सगळं त्याच ई-मेलच्या साखळीत. फोन आला तर ठेवल्याबरोबर "आत्ता तुम्ही असं म्हणालात" असं त्यातच लिहून टाका. आमचं गाडं हलायला लागलं ते यानंतरच. शेंगेन व्हिसासाठीचा (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठीचा) विमा किमान ३०,००० युरोचा लागतो आणि वैद्यकीय कारणाने मायदेशी आणण्याचा खर्च त्यात धरलेला असावा लागतो, हेही त्यांना लिहा. मात्र आयसीयूत ३०,००० युरो फार दिवस पुरत नाहीत, तेव्हा तुमच्या विम्याची रक्कम किती आहे ते आजच बघा. दाद मिळाली नाही तर आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार करता येते, फोनसाठी १५५२५५ आहे. विमा लोकपालाचं मुंबईचं ऑफिस सांताक्रूझला आहे, पण ते नंतरचं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार झालेली असावी लागते.

व्हिसाची तारीख संपत आली असेल तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. हॉस्पिटलात अडकल्यासारख्या कारणासाठी शेंगेन व्हिसा वाढवून मिळतो आणि त्याला फी नसते. इटलीत हे काम क्वेस्तुरा, म्हणजे पोलिसांचं ऑफिस, बघतं. डॉक्टरांचं पत्र लागेल. पॉलिसीची मुदतही त्याच वेळी तपासा.

आईंना आडवं आणावं लागलं तर विमानात स्ट्रेचर मिळतो, त्यासाठी सीटच्या रांगा अडवाव्या लागतात. तिथल्या डॉक्टरांना मेडिफ नावाचा फॉर्म भरावा लागतो, एअरलाइनचे डॉक्टर तो बघून हो-नाही ठरवतात. सोबत माणूस हवाच. इथल्या हॉस्पिटलात बेड आधी पक्का करा, सहारला ॲम्ब्युलन्स उभी करून मग फोनाफोनी नको. निघताना स्कॅनची सीडी, इंग्रजीतला डिस्चार्ज आणि हाडात रॉड-प्लेट घातली असेल तर तिची माहिती असलेला कागद मागून घ्या. पुढे एमआरआयच्या वेळी तो लागतो.

बाबांच्या रोजच्या गोळ्यांची नावं तिथल्या डॉक्टरांना कळवताना कंपनीची नको, आतल्या औषधाची कळवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी ती.

तुम्ही विचारलंय की कोणी जावं, तुम्ही की भाऊ. तुमचा भाऊ तसा शांत आहे आणि व्हिसाही त्याच्याकडे आहे असं तुम्ही म्हणता, तर त्याला पाठवा. व्हिसा नसता तर हॉस्पिटलच्या पत्रावर तातडीचा अर्ज करता आला असता. नात्याच्या पुराव्याला सध्याच्या बहुतेक पासपोर्टांच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं असतात. तुम्ही इथेच राहा. ई-मेल, बँक, विमा हे सगळं इथून एकाच माणसाने धरून ठेवायला हवं, नाहीतर दोघं दोन वेगळी उत्तरं देतात आणि मदत केंद्राला तेवढंच निमित्त मिळतं.

इटली उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असते. तिथे नऊ वाजता ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडे साडेबारा झालेले असतात. तोवर टूर कंपनीकडून हॉस्पिटलच्या बिलिंगचा ई-मेल पत्ता काढून ठेवा. मजकूर इंग्रजीत लिहायला जड जात असेल तर मला मेसेज करा, मी लिहून देते.