घड्याळाचं विचारलंत, फॉर्मचं सांगतो

प्रश्न: मी 38 वर्षांचा, अलिबागजवळ राहतो. मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर सॅच्युरेशन डायव्हर (दाबाच्या चेंबरमध्ये दिवसच्या दिवस राहून तळाशी काम करणारा) म्हणून कंत्राटावर काम करतो. वर्षाला साधारण 22 लाख मिळतात. पत्नी घर सांभाळते, मुलगी 8 वर्षांची आहे. घरकर्ज 38 लाख बाकी, एफडी 15 लाख. एफडी मोडून साडेतेरा लाखांचं वापरलेलं रोलेक्स सी-ड्वेलर घ्यावं का? आमच्याच धंद्यासाठी बनलेलं घड्याळ आहे, आणि दुकानदार म्हणतो दहा वर्षांत तिप्पट. तेच मुलीच्या शिक्षणाला होईल. की ओमेगाचं प्लोप्रॉफ जास्त वाढेल? विम्याची काळजी नाही. बँकेची वर्षाला 2.4 लाखांची गॅरंटीड पॉलिसी आहे, शिवाय 14 महिन्यांपूर्वी 1 कोटीचा टर्म प्लॅन घेतला. त्यात एजंटाने व्यवसाय ‘ऑफिसचं काम’ लिहिला, म्हणून हप्ताही कमी बसला.

उत्तर: आधी घड्याळाचं उरकू. मला स्वतःला त्यात रस आहे, आणि नंतरचं बोलणं तुम्हाला कडू लागणार आहे.

धंद्यासाठी बनलेलं घड्याळ, हे तुमचं म्हणणं खरं आहे. हेलियमच्या हवेत दिवसच्या दिवस चेंबरमध्ये राहिलं की तो बारीक वायू घड्याळाच्या गॅस्केटमधूनही, म्हणजे पाणी अडवणाऱ्या कड्यांमधूनही, आत शिरतो. वर आणताना चेंबरचा दाब उतरतो, आत शिरलेला हेलियम तितक्या लवकर बाहेर पडत नाही, आणि काच टपकन उडते. 1960च्या दशकात डायव्हरांच्या काचा अशाच उडत होत्या. रोलेक्सने 1967च्या सी-ड्वेलरमध्ये, 610 मीटरच्या त्या घड्याळात, केसच्या बाजूला एकाच दिशेने उघडणारा छोटा व्हॉल्व्ह बसवला आणि फ्रान्समधल्या मार्सेच्या कॉमेक्स या डायव्हिंग कंपनीच्या डायव्हरांच्या मनगटावर तो पारखून घेतला. ओमेगाने 1970च्या सुमारास उलटा विचार केला. प्लोप्रॉफची केस एका अखंड तुकड्यातून काढली, म्हणजे हेलियम आत शिरायलाच नको. व्हॉल्व्हच नाही. दोन्ही उत्तरं स्वित्झर्लंडचीच, आणि मला विचाराल तर दुसरं जास्त हट्टी आणि जास्त देखणं.

आता तिप्पट. साडेतेराचे साडेचाळीस, दहा वर्षांत. कागदावर हे वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या थोडं वर. पण विकायला जाल तेव्हा दुकानदार त्याचा वाटा घेणार. पंधरा टक्के धरा. मध्ये एक-दोन सर्व्हिसिंगचे दीड लाख. म्हणजे हातात साडेचाळीस पडायचे तर बाजारभाव 49च्या आसपास हवा, म्हणजे वर्षाला पावणेचौदा टक्के, सलग दहा वर्षं, एका वस्तूवर. 2022च्या सुरुवातीला याच घड्याळांचे भाव आभाळाला टेकले होते आणि पुढची दोन वर्षं ते घसरत राहिले. तेव्हा घेणाऱ्यांनाही कुणीतरी तिप्पट सांगितलंच असणार.

शिवाय भाव चढतो तो कुठल्या घड्याळाचा? मूळ डायल, न घासलेली केस, खोका, कागद. कॉमेक्सचं नाव असलेल्या जुन्या सी-ड्वेलरला संग्राहक वेगळी किंमत मोजतात, कारण त्यामागे इतिहास आहे. तुम्ही ते कामावर घालणार, केसला पोचे पडणार, सर्व्हिसिंगला पॉलिश होणार. नाही घातलं तर लॉकरमध्ये राहणार. मग आपल्या धंद्याचं म्हणून घेतलंत कशाला? गुंतवणूक आणि हौस एकाच मनगटावर बसत नाहीत.

आणि पैसा कुठला? पावसाळ्यात तुमचं काम बंद. कोकणातल्या माणसाला आगोटीची बेगमी, पावसाळ्याआधीची साठवण, म्हणजे काय ते मी सांगायला नको. घरखर्च आणि ईएमआय मिळून महिन्याला 85 हजार धरले तर चार महिन्यांचे 3.4 लाख. वर्षाच्या मेडिकलमध्ये डॉक्टरने एकदा ‘अनफिट’ लिहिलं की वर्षाचे दहा. ही एफडी तुमची आगोटीची बेगमी आहे. घड्याळ घेतल्यावर दीड लाख उरतो, म्हणजे दोन महिनेही नाही.

तर घड्याळ नको. पण तुमचं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं ते शेवटच्या वाक्यासाठी. ‘ऑफिसचं काम’?

तुम्ही समुद्राच्या तळाशी, श्वासाचा वायू पुरवणाऱ्या अंबिलिकल नळीच्या आधारावर, सत्तर-पंचाहत्तर मीटरवर पाइपलाइनी जोडता. विमा कंपनीला वाटतंय की तुम्ही खुर्चीत बसून एक्सेल भरता. हप्ता कमी बसला म्हणता, पण तो वेगळ्याच माणसाच्या आयुष्याचा बसलाय.

विमा कायद्याचं कलम 45 असं सांगतं: पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की आयुर्विमा कंपनीला ती कुठल्याही कारणाने वादात ओढता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र महत्त्वाची माहिती लपवली किंवा चुकीची दिली म्हणून दावा नाकारता येतो. व्यवसाय ही महत्त्वाची माहिती नाही असं कोण म्हणेल? तुमचे 14 महिने झाले, 22 उरले. “मग बावीस महिने गप्प बसतो” असं मनात आलं असेल तर सांगा, या बावीस महिन्यांत बेल रन, म्हणजे डायव्हिंग बेलमधून तळाशी जाणाऱ्या फेऱ्या, किती होतील? एजंट त्या बेलमध्ये नसेल. सहीही त्याची नाही, तुमची आहे. आणि वेगळी अपघात पॉलिसी घेतली असेल तर तिला कलम 45चं छत्र नाहीच. तिथे तीन वर्षांनीही हीच भानगड.

तुम्हाला हव्या असलेल्या घड्याळावरची बेझल आठवा, पाण्याखाली किती वेळ गेला ते दाखवणारी काचेभोवतीची फिरती कडी. 1953च्या ब्लांपँ फिफ्टी फॅदम्समध्ये ती चुकून हलू नये अशी सोय होती. कंपनी चालवणारे ज्याँ-जाक फिश्तेर स्वतः डायव्हर होते, पाण्याखाली वेळेचं भान सुटणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. आजच्या डायव्हिंग घड्याळांची बेझल एकाच दिशेला फिरते. धक्का लागून सरकलीच तर वेळ जास्त गेल्याचं दाखवते, कमी नाही. चूक झाली तरी डायव्हर लवकर वर येतो. एजंटाने तुमच्या फॉर्मवर बरोबर उलट्या दिशेची बेझल बसवली आहे.

पुढच्या ट्रिपआधी विमा कंपनीला लेखी कळवा: व्यवसाय सॅच्युरेशन डायव्हिंग, फॉर्ममध्ये चुकीचा नोंदवला गेला, दुरुस्त करा. ईमेल करा आणि पोच घ्या. कंपनी जादा हप्ता लावेल. विम्याच्या रकमेवर हजारी 3 रुपये धरले तर 1 कोटीवर वर्षाला 30 हजार. कदाचित नकारही देईल. म्हणून त्याच आठवड्यात दुसऱ्या एक-दोन कंपन्यांकडे खरा व्यवसाय लिहून अर्ज टाका. नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी बंद करू नका. कंत्राटदार डायव्हरांचा गट विमा काढतो का, किती रकमेचा, ट्रिप नसताना लागू असतो का, याची प्रत मागा. “असतो हो” हे उत्तर चालणार नाही. कर्ज आणि मुलीची पंधरा वर्षं पाहता तुम्हाला 1 नव्हे, 2 कोटींचं संरक्षण हवं.

बँकेच्या ‘गॅरंटीड’बद्दल फार शाई घालवत नाही. सोबत पाठवलेल्या कागदावर बारा वर्षं 2.4 लाख भरून विसाव्या वर्षी 62 लाख आहेत. हा परतावा सव्वापाच टक्क्यांच्या घरातला. तुमची मुलगी तेव्हा 26 वर्षांची असेल, शिक्षण कधीच आटोपलेलं. मृत्यूनंतर मिळणार 24 लाख, कर्जही फिटत नाही. शिवाय तो फॉर्म रिलेशनशिप मॅनेजरने भरला असेल तर त्यातही व्यवसायाच्या रकान्यात काय आहे ते आजच बघा. दोन हप्ते गेलेत. तिसरा भरण्याआधी सरेंडर (पॉलिसी मोडून पैसे परत) आणि पेड-अप (हप्ते थांबवून कमी रकमेवर पॉलिसी चालू), दोन्हींचे आकडे लेखी मागवा आणि मला पाठवा. बहुतेक बंदच करायला सांगेन. त्या महिना 20 हजारांची इंडेक्स फंडात एसआयपी, हेच शिक्षणाचं खातं.

हौस राहिलीच असेल तर हे सगळं झाल्यावर, एखाद्या चांगल्या सीझननंतर, ट्यूडरचं पेलागॉस बघा. रोलेक्सच्याच घरातलं, टायटॅनियमचं, 500 मीटरचं, हेलियम व्हॉल्व्हसकट, आणि साडेतेरा लाखांच्या खूप खाली. ते कामावर घाला, पोचे पडू द्या. आता ईमेलचा मसुदा पाठवा, रात्री बघतो.