मनीचे दात आणि सोसायटीतली ठेव

खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आहे. वय 63. खासगी शाळा, त्यामुळे स्वतःची पेन्शन नाही; यजमानांची फॅमिली पेन्शन 11 हजार येते. त्या लिहितात: "माझी मनी 14 वर्षांची. हिरड्या सुजल्यात, खाताना मान वाकडी करते, घास तोंडातून पडतो. रोज मांजराच्या मऊ खाण्याची, प्रत्येकी 50 रुपयांची, तीन पाऊच देते. डॉक्टर म्हणतात, भूल देऊन दात काढा, रक्ततपासणी धरून 18 हजार होतील. काढू की पाऊचवरच ठेवू? माझे 22 लाख आमच्या बँकेत, म्हणजे सौहार्द सोसायटीत (सहकारी पतसंस्थेत), साडेअकरा टक्क्यांनी आहेत. त्यातले 20 हजार मागितले तर मॅनेजर म्हणाले, आत्ता मोडू नका, दिवाळीनंतर बघू. हवं तर ठेवीवर साडेतेरा टक्क्यांनी कर्ज देतो. घेऊ का?"

बाई, आधी मनीचं, कारण ते सोपं आहे. पाऊचचे महिन्याला साडेचार हजार होतात, वर्षाला 54 हजार. पण "दात काढले की पाऊच बंद" हा हिशेब चुकीचा आहे. दात गेल्यावरही तिला मऊच लागणार. फरक एवढाच की दुखणं थांबलं की ती पाण्यात भिजवलेलं कोरडं खाणं, काटे काढून कुस्करलेला बांगडा असलंही खाईल आणि खर्च निम्म्यावर येऊ शकेल. मऊ खाण्याने घास गिळता येतो, दुखणं जात नाही. बिनदाताची मांजरं मजेत जेवतात, तशी ती फारसं चावत नाहीतच. मूत्रपिंडांचे रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणत असतील तर काढा. तोवर खाणं जरा कोमट करून द्या, वासाने खाईल. कांदा-लसूण नको, नुसत्या दूधभातावर ठेवू नका, आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही नको, मांजराचा त्यात जीव जातो. एक दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. उपाशी मांजराचं यकृत लवकर बिघडतं.

18 हजार पेन्शनच्या खात्यातून द्या. तिथे 31 हजार आहेत असं तुम्हीच लिहिलंय. कर्ज नको. स्वतःच्याच पैशांना दोन टक्के भाडं कशाला? आणि जरा विचार करा: मॅनेजरकडे कर्ज द्यायला 20 हजार आहेत, तुमची ठेव परत द्यायला नाहीत. असं का?

मला झोप येऊ देत नाही ते हे. तुम्ही पासबुकाचा फोटो पाठवलात, कोपऱ्यात मनीचं शेपूटही आलंय. त्या पासबुकावर "बँक" हा शब्द कुठेही नाही. नसणारच, सोसायटीला तो लावता येत नाही. बँक बुडाली तर ठेव विम्यातून व्याजासकट 5 लाखांपर्यंत मिळतात, अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेतसुद्धा. सौहार्द सोसायटीला तो विमा नाही. शून्य. पिग्मी, म्हणजे रोजची बचत, गोळा करणारा ओळखीचा, चेअरमन गावचे, गणपतीला वर्गणी मोठी, हे सगळं खरं असेल. त्याने ठेव सुरक्षित होत नाही. साडेअकरा टक्के तुम्हाला द्यायचे तर कर्जदाराकडून पंधरा-सोळा घ्यावे लागतात, आणि एवढं व्याज भरायला बहुतेक तोच येतो ज्याला बँकेने परत पाठवलंय.

आता आकडे. आज तुम्हाला महिन्याला सुमारे 21 हजार मिळतात. हेच पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत, सध्याच्या 8.2 टक्क्यांनी, महिन्याच्या हिशेबाने 15 हजार पडतील, व्याज मात्र तिमाहीला जमा होतं. तिथे 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि हमी केंद्र सरकारची. फरक महिन्याला 6 हजार, वर्षाला 72 हजार. त्या 72 हजारांसाठी 22 लाख पणाला लागलेत. बुडाले तर एवढी रक्कम जादा व्याजातून भरून यायला तीस वर्षं लागतील, म्हणजे तुम्ही 93 च्या असाल. "आजवर एकदाही व्याज चुकलं नाही" असं लिहिलंय तुम्ही. व्याज चुकायच्या आधी मुद्दलाला "नंतर बघू" येतं, आणि ते तुम्ही ऐकून आलात.

सोमवारी जा. तोंडी बोलू नका. ठेवीच्या चारही पावत्या मोडण्यासाठी वेगवेगळा लेखी अर्ज करा, तारीख घाला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. मुदतीआधी मोडल्याबद्दल टक्का-दोन टक्के कापतील, कापू द्या. पोच नाकारली तर तोच अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने. ज्या पावतीची मुदत भरेल तिचं नूतनीकरण होऊ देऊ नका. "आपोआप रिन्यू" वर खूण असेल तर आजच काढून घ्या. जास्त व्याजाची नवी स्कीम दाखवतील, चहा पाजतील. चहा प्या, सही करू नका. आणि गल्लीत याची चर्चा नको, उद्या दारात रांग लागली तर तुमचाच नंबर मागे जाईल.

पैसे हाती येतील तसे 2 लाख राष्ट्रीयीकृत बँकेत मनीसारख्या अडीनडीला, बाकीचे पोस्टात. महिन्याला 6 ते 7 हजार कमी येतील, त्यातले दोनेक हजार पाऊचचे वाचतील. उरलेल्या चार-पाच हजारांची ओढाताण होईल, ते मी लपवत नाही.

पोच मिळाली की तिचा फोटो पाठवा. न मिळाली तरी कळवा, मग पुढचा अर्ज सहकार खात्याच्या रजिस्ट्रारकडे कसा करायचा ते लिहितो. मनीला ऑपरेशनआधी किती तास उपाशी ठेवायचं ते मात्र डॉक्टरांनाच विचारा.