तळहात-तळपायांचा इसब वर्षभर मलमं लावूनही जात नाही. हा त्वचेचा लिम्फोमा असू शकतो का? बायोप्सी करावी की अजून थांबावं?

असू शकतो. मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेतल्या टी-पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) लिम्फोमा, म्हणजे कर्करोग, क्वचित फक्त तळव्यांपुरताच राहतो आणि हुबेहूब इसब, सोरायसिस किंवा बुरशीसारखा दिसतो. नुसतं बघून तो कोणी ओळखेल, हे मी मानत नाही.

माझ्या आईला हाच झाला. तळहातांवर जाड खपल्या, भेगा, टाचांवर लालसर चट्टे. स्टेरॉइडचं मलम लावलं की उतार, थांबवलं की पुन्हा तेच. बुरशीच्या तपासणीत काही नाही, अ‍ॅलर्जीच्या पॅच टेस्टमध्येही नाही. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी बायोप्सी, म्हणजे कातडीचा तुकडा काढून तपासणं, सुचवलं आणि थोरले काका आडवे आले. म्हणे, सुई टोचली की असले रोग पसरतात. आई घाबरली, घरात रोज तीच वादावादी. शेवटी मी तिला घेऊन गेले. पहिल्या रिपोर्टात 'जुनाट इसब' आलं आणि काकांना जोर चढला.

बाई मात्र ठाम होत्या. स्टेरॉइडमुळे खुणा झाकल्या जातात, म्हणून त्यांनी काही आठवडे मलम बंद ठेवायला लावलं. मग दोन ठिकाणांहून खोल तुकडे घेतले, कारण तळव्याची कातडी जाड. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर लिम्फोमाचा संशय स्पष्ट लिहिला. हे फार महत्त्वाचं, नुसतं 'इसब?' लिहिलं तर पुढच्या तपासण्या होतीलच असं नाही. या खेपेला वरच्या थरात शिरलेले विकृत लिम्फोसाइट (याच पांढऱ्या पेशी) दिसले, टी-पेशींवर एरवी असणारं सीडी ७ हे प्रथिन गायब होतं, आणि टी-सेल रिसेप्टर जनुकाच्या तपासणीत त्या पेशी एकाच पेशीपासून वाढलेल्या निघाल्या. ही जनुकाची तपासणी एकटी पुरत नाही, साध्या त्वचादाहातही कधी तसंच येतं. सगळं जुळवून निदान होतं.

बायोप्सीने हा रोग पसरत नाही. काकांना सांगून थकले, तुम्हाला तरी सांगते. वाया गेले ते थांबलेले महिने. आईला पुवा (सोरालेन औषध देऊन अतिनील किरणांचे उपचार) आणि तळव्यांपुरतं रेडिएशन दिलं, आता ती स्वतः कणीक मळते.

तुमचा बहुधा इसबच असेल, बहुतेकांचा तोच असतो. पण वर्षभर उपचार करूनही जात नसेल तर बायोप्सीचा विषय तुम्हीच काढा. आणि मलम आपल्या मनाने बंद करू नका, कधी थांबवायचं ते डॉक्टरांनाच विचारा.