एक अंश म्हणजे किती किलोमीटर? अक्षांश आणि रेखांश दोन्हींसाठी उत्तर एकच का?

नाही, एकच नाही: अक्षांशाचा एक अंश कुठेही साधारण १११ किलोमीटर भरतो, पण रेखांशाचा एक अंश फक्त विषुववृत्तावर तेवढा असतो आणि ध्रुवांकडे जाताना कमी कमी होत शून्यावर येतो. पृथ्वीचा गोल समोर ठेवून बघा. अक्षवृत्तं एकमेकांना समांतर आहेत, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर टिकून राहतं. रेखावृत्तं मात्र ध्रुवांवर एकत्र येतात. शेजारच्या दोन रेघांवर दोन बोटं ठेवून वर सरकवा, टोकाला पोचेपर्यंत बोटं एकमेकांना चिकटलेली असतील. १११ हा आकडा आला कुठून, तर विषुववृत्ताचा परीघ ४०,०७५ किलोमीटर, त्याला ३६० ने भागायचं. रेखांशासाठी त्या भागाकाराला, म्हणजे १११.३ ला, त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणा:

- ०° वर: १११.३ किमी
- ४५° वर: सुमारे ७९ किमी
- ६०° वर: सुमारे ५६ किमी, म्हणजे जवळपास निम्मं

दोन ठिकाणांमधलं अंतर काढताना अक्षांशांतला आणि रेखांशांतला अशा दोन्ही फरकांना सरसकट १११ ने गुणायची चूक फार जण करतात, आणि पूर्व-पश्चिम अंतर उगाच फुगतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, म्हणून अक्षांशाचा अंशही विषुववृत्ताजवळ ११०.६ आणि ध्रुवांजवळ १११.७ किलोमीटर असतो. रोजच्या हिशेबात हा फरक सोडून दिला तरी चालतो, जमीन मोजणीत नाही.