दोन फुटी टँकमध्ये निमखारं पाणी करून मोनो, स्कॅट आणि पफर हे मासे एकत्र ठेवता येतील का? दुकानदार म्हणतो चालेल. आणल्यावर पाण्यात कसे सोडायचे?

नाही. दोन फुटीत मोनो नको, स्कॅट तर नकोच. दुकानात रुपयाएवढा दिसणारा स्कॅट पुढे ताटलीएवढा होतो, मोनोला स्वतःच्या जातीचे पाच-सहा सोबती लागतात, आणि पफर बाकीच्यांच्या शेपट्या कुरतडत बसतो. एवढं दोन ओळींत संपलं असतं, पण "दुकानदार म्हणतो चालेल" हे वाचून लिहायला बसलो.

२०१६ साली मी मुंबईतल्या एका दुकानातून चार स्कॅट आणले. दुकानदार म्हणाला, "साहेब, गोड्या पाण्यातच आहेत, मीठबीठ काही लागत नाही." मी महिनाभर वाचून गेलो होतो, त्यामुळे मला त्याची कीव आली. घरी तीन फुटी टँक होता, तीन वर्षं गोड्या पाण्यावर सुरळीत चाललेला. त्यातले जुने मासे मित्राला दिले, मरीन सॉल्ट (समुद्राच्या पाण्यातले क्षार असलेलं मीठ) कालवलं आणि एका संध्याकाळीत पाणी १.०१० वर नेलं. (खारटपणा मोजायचा हा आकडा पाण्याच्या सापेक्ष घनतेचा; गोडं पाणी १.०००, समुद्र साधारण १.०२५.) मग नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून स्कॅट बादलीत, एअर पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंब थेंब, तब्बल पाच तास. बायको दोनदा विचारून गेली, जेवणार आहेस का. रात्री साडेअकराला मासे सोडले आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी चौघंही वर, तोंडं पाण्याबाहेर काढून, कल्ले धपापत होते. माशांच्या अंगातून पाण्यात उतरणारा विषारी अमोनिया मोजायच्या किटमध्ये पाणी पिवळं यायला हवं, ते गडद हिरवं आलं. अर्धं पाणी बदललं. संध्याकाळपर्यंत दोन गेले, दुसऱ्या दिवशी उरलेले दोन. शेवटचा काढताना पाठीचा काटा बोटात घुसला. स्कॅटच्या काट्यात विष असतं, हे वाचलं होतं, पण मेलेल्याचाही काटा तासभर ठणकतो, हे तेव्हा कळलं.

ही गोष्ट त्या वर्षी गणपतीत वेंगुर्ल्याला सासुरवाडीत सांगितली, ही माझी दुसरी चूक. मेहुणा म्हणाला, "भावजीनू, खाडयेत दिसाक दोन वेळा पाणी बदालता. थयले मासे मरतत काय? तुमीच मारलात मिठान." तेव्हापासून दरवर्षी आमटी वाढताना कोणी ना कोणी विचारतंच, मीठ भावजींनी तर नाही ना घातलं.

पुढच्या दिवाळीत मी रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) बॅगेत टाकूनच गेलो. जेटीवर भरतीला आकडा आला १.०१८, त्याच दिवशी ओहोटीला १.००७. मेहुणा शेजारी उभा राहून हसत होता. म्हणजे खारटपणा बदलला म्हणून हे मासे मरत नाहीत, एवढं त्याचं म्हणणं बरोबर. हे मासे गोड्या पाण्यात आत शिरणारं पाणी लघवीवाटे बाहेर टाकतात आणि खाऱ्यात उलट पाणी पितात, ही अदलाबदल त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. मेले ते अमोनियाने. फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे जिवाणू गोड्या पाण्यावर वाढलेले होते, एका संध्याकाळीत १.०१० म्हटल्यावर ते बसले. आता ते जिवाणू मिठानेच बसले ना, असं मेहुणा विचारतो. त्यावर मी विषय बदलतो.

तर सोडायचे कसे? रिफ्रॅक्टोमीटर घेऊन दुकानात जा, त्यांच्या टाकीचं पाणी मोजा. हसले तर हसू द्या. घरचा टँक, अर्थात आधी सायकल झालेला (फिल्टरमध्ये ते जिवाणू वाढलेला), तेवढ्याच खारटपणावर ठेवा. दुकान गोड्या पाण्यात ठेवत असेल तर तुम्हीही गोडंच ठेवा. पिशवी वीसेक मिनिटं तरंगवा, जाळीने मासा उचलून टँकमध्ये सोडा, पिशवीतलं पाणी फेकून द्या. खारटपणा मग आठवड्याला ०.००२ एवढाच वाढवायचा, पाणी बदलाल तेव्हा बादलीत मीठ विरघळवून. टँकमध्ये थेट मीठ ओतू नका.

पाच तासांच्या ठिबकाची फुशारकी मारणारे अजून भेटतात. पार्सलने आलेल्या माशाला तर ते घातकच आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, त्यामुळे अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढायला लागतो, तोच अमोनिया विषारी होतो, आणि आपण मासा त्यातच ठेवून थेंब मोजत बसतो.

दोन फुटीत माझं मत विचाराल तर ऑरेंज क्रोमाइडची एक जोडी आणि चार-पाच मॉली, पाणी १.००५ च्या आसपास. पफरच हवा असेल तर फिगर एट, तो एकटा, आणि दात झिजवायला त्याला गोगलगायी द्याव्या लागतात. गोव्यात कालुंदर म्हणतात तो ग्रीन क्रोमाइड देखणा आहे, पण तो ताटात किंवा मोठ्या टँकमध्येच.

राहिलंच. मीठ मरीन सॉल्टच हवं, लिटरला सात-आठ ग्रॅमवर १.००५ च्या जवळ जाता. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पीएच धरून ठेवणारे क्षार जवळपास नसतातच. मोठे झालेले मासे खाडीत सोडून येऊ नका. आणि बाष्पीभवनाने उतरलेलं पाणी भरताना गोडंच भरायचं, कारण मीठ उडून जात नाही. मेहुणा आमच्याकडे राहायला होता तेव्हा त्याला हे तीनदा सांगून आम्ही दहा दिवस बाहेर गेलो होतो. परत आलो तर १.००६ चं १.००९ झालेलं. तो रोज पाणी भरताना वर मूठभर मीठ टाकत होता. क्रोमाइडनी तेवढ्यात अंडी घातली होती. अंड्यांचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.