टीएसएच वाढला म्हणून वजन, की वजनामुळे टीएसएच?

प्रश्न : वय ३८, वजन ९६ किलो, उंची १५८ सेंटिमीटर. टीएसएच ६.२ आला आहे, टी-फोर नॉर्मल. लॅबने ६.२ ठळक अक्षरांत छापलंय. माझ्या वजनाचं कारण अखेर सापडलं का?

हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुतेक वेळा सुटका झाल्याचा भाव असतो. तो मी समजू शकते. 'तोंडावर ताबा नाही' हे वर्षानुवर्षं ऐकून घेतलेल्या माणसाला आजाराचं नाव मिळालं की मनावरचं ओझं उतरतं. तरी खरं ते सांगायला हवं. टीएसएच म्हणजे गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक; टी-फोर आणि टी-थ्री ही थायरॉईडची स्वतःची संप्रेरकं. थायरॉईड मंदावली की टीएसएच वाढतो, म्हणून वाढलेला आकडा पाहून तिच्यावर संशय येतो. तुमच्या बाबतीत गंगा बहुधा उलटी वाहते आहे.

चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. चरबी वाढली की लेप्टिनही वाढतं. ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला चेतवतं, तिथून पिट्युटरी ग्रंथीला निरोप जातो आणि टीएसएच थोडा वर सरकतो. म्हणून लठ्ठपणात टीएसएच ५, ६, ७ असा दिसतो, पण टी-फोर जागेवर असतो आणि टी-थ्री तर कधी कधी किंचित वाढलेला. हे थकलेल्या ग्रंथीचं चित्र नव्हे. वजन उतरलं की असा टीएसएच अनेकदा थायरॉईडच्या गोळीशिवाय खाली येतो.

दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा तपासा आणि सोबत अँटी-टीपीओ ही अँटीबॉडीची तपासणी करा. ती पॉझिटिव्ह आली तर हाशिमोटोचा आजार, म्हणजे शरीराने स्वतःच्याच थायरॉईडवर केलेला हल्ला, धरून चालावं लागतं. मग नियमित लक्ष ठेवायला हवं. टीएसएच १० च्या वर गेला तर बहुतेकदा गोळी सुरू करतात. गर्भधारणेचा विचार असेल तर मात्र थांबू नका, आत्ताच डॉक्टरांना सांगा. तिथले निकष वेगळे आहेत.

प्रश्न : माझा टीएसएच ४८ होता. ८ महिने गोळी घेतल्यावर तो २.१ वर आला, पण वजन फक्त ३ किलो उतरलं. डोस वाढवून घेऊ का?

नको. हे 'नको' मी अगदी कळकळीने लिहिते आहे.

थायरॉईड खरोखर मंदावते तेव्हा त्वचेखाली हायल्युरॉनिक ॲसिडसारखे पदार्थ साठतात आणि ते पाणी धरून ठेवतात. साध्या सुजेवर नडगीपाशी बोट दाबलं तर खळगा पडतो. या सुजेत तो पडत नाही, त्वचा जाड आणि घट्ट लागते. पापण्या फुगतात, आवाज घोगरा होतो. या आजारात वाढणाऱ्या काही किलोंमध्ये मोठा वाटा अशा पाण्या-मिठाचा असतो. तुमचे उतरलेले ३ किलो बहुधा तेच आहेत. गोळीने आपलं काम चोख केलं आहे. उरलेली चरबी तिच्या कक्षेत येत नाही.

थायरॉईडचा अर्क देऊन वजन उतरवण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून झाले. वजन उतरतं, पण त्यात स्नायूही झिजतात, हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. अमेरिकेत लेव्होथायरॉक्सिनच्या, म्हणजे याच थायरॉईडच्या गोळीच्या, माहितीपत्रकावर, हे औषध वजन कमी करण्यासाठी वापरू नये, असा इशारा चौकटीत छापणं बंधनकारक आहे. ज्यांना गरज नसताना डोस वाढवून मिळाला आहे, असे लोक मी पाहते. हात थरथरतात, झोप उडते, जिना चढताना छातीत धडधडतं. 'गोळी लागू पडतेय' असं त्यांना वाटत असतं, याचंच जास्त वाईट वाटतं.

प्रश्न : डाएट सुरू केल्यापासून टी-थ्री घटलाय. चयापचय बिघडलं का?

बिघडलेलं नाही, शरीर काटकसर करतंय. खाणं एकदम घटलं की टी-फोरचं सक्रिय टी-थ्रीमध्ये रूपांतर कमी होतं आणि निष्क्रिय रिव्हर्स टी-थ्री वाढतो. त्यावर टी-थ्रीची गोळी घेऊ नका. आहारातली कपात सौम्य करा, प्रथिनं पुरेशी ठेवा, वजन उचलण्याचा व्यायाम सोडू नका. स्नायू टिकवणं जास्त मोलाचं आहे.

प्रश्न : थायरॉईडचा कोलेस्टेरॉलशी काही संबंध असतो का?

असतो, आणि तो फार वेळा नजरेतून सुटतो. रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उचलून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) यकृताच्या पेशींवर असतात. थायरॉईड संप्रेरक कमी पडलं की हे ग्राहक घटतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करण्याआधी एकदा टीएसएच पाहावा. मूळ कारण थायरॉईड असेल तर उपचारानंतर एलडीएल बरंच खाली येतं. लठ्ठपणातली वाढलेली साखर आणि फॅटी लिव्हर यांची मुळं मात्र बहुतेकदा पोटावरच्या चरबीत असतात. टीएसएचवर बोट ठेवून त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका.

प्रश्न : लेव्होथायरॉक्सिन चालू आहे. वजनासाठी सेमाग्लुटाइड घेता येईल का?

साधारणपणे हो, हे भूक कमी करणारं औषध घेता येतं. पण तुम्हाला किंवा घरात कुणाला थायरॉईडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल तर ते घेऊ नये, आणि ही गोष्ट डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता स्वतः सांगा. वजन बरंच उतरलं की थायरॉईडचा डोसही कमी करावा लागू शकतो. डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासा, त्याआधीचा आकडा फसवतो. गोळी रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोह तिच्यापासून ४ तास दूर. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. नाहीतर टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो आणि चांगला चाललेला डोस विनाकारण उतरवला जातो.