अंगठा देण्यापूर्वी थांबावे

नमस्कार.

आपण बार्शीहून लिहिले आहे की काचबिंदूने दृष्टी गेल्याला दीड वर्ष झाले, मुलाने फोनवर टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय) सुरू करून दिले आणि आता रोजच्या व्यवहारासाठी कोणती ॲप घ्यावीत हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. त्याच पत्रात, अगदी किरकोळ बाब असल्यासारखे, असेही लिहिले आहे की बँकेत सही जुळत नसल्यामुळे शाखेतल्या माणसाने ‘यापुढे अंगठाच देत चला, सोपे पडेल’ असे सुचवले असून येत्या सोमवारी आपण तसा अर्ज देणार आहात. ते वाक्य मी फोनकडून तीनदा वाचून घेतले. ॲपची नावे आपल्याला कोणीही सांगेल आणि पडद्यावर बोटे कशी फिरवावीत हे महिनाभरात हाताला आपोआप कळेल. मला लिहायचे आहे ते ह्या सोमवारबद्दल.

आधीच सांगतो, मी वकील नाही आणि बँकेत कधी नोकरीही केलेली नाही. साताऱ्याला एका सरकारी कार्यालयात लिपिक होतो. रेटिनायटिस पिगमेंटोसा ह्या डोळ्यांतल्या पडद्याच्या आजारामुळे २०१४ च्या सुमारास अक्षरे दिसेनाशी झाली आणि तेव्हापासून त्याच कार्यालयात टेलिफोनवर बसतो. आपल्या बँकेची पद्धत थोडी वेगळी असू शकेल, तेव्हा माझे शब्द नियम म्हणून नव्हे, एका पोळलेल्या माणसाचा अनुभव म्हणून घ्यावेत.

दृष्टी गेली म्हणजे सही लगेच जात नाही, ती हळूहळू सरकते. आधी शिरोरेघ वर चढू लागते, मग आडनावाचे शेवटचे अक्षर चौकटीबाहेर पडते आणि एखाद्या दिवशी पहिल्या अक्षरावरच दुसरे अक्षर बसते. हात तेच करत असतो, त्याला कागदाचा काठ तेवढा सापडत नाही. २०१८ मध्ये माझे दोन धनादेश सही जुळत नाही म्हणून परत आले. तिसऱ्या वेळी काउंटरवरचे गृहस्थ फार आपुलकीने म्हणाले की अंगठा दिलात की रोजची कटकट मिटेल. खोटे कशाला सांगू, मला सुटल्यासारखे झाले. मेहुणे सोबत होते, त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली, दुसरे साक्षीदार शाखेतलेच कोणी मिळाले, आणि दहा मिनिटांत माझ्या तीस वर्षांच्या सहीची जागा शाईच्या एका ठशाने घेतली. त्या कागदावर आणखी काय छापले होते हे मी विचारले नाही आणि मेहुण्यांनी वाचले नाही. माझ्या आयुष्यातली सर्वांत महागडी चूक ती हीच.

पुढचे दोन महिने काहीच कळले नाही. मग डेबिट कार्डाची मुदत संपली आणि नवे कार्ड आलेच नाही. चौकशी केली तर उत्तर मिळाले की अंगठ्याच्या खातेदाराला कार्ड देत नाहीत, धनादेश पुस्तिका देत नाहीत आणि मोबाइल बँकिंगही देत नाहीत, कारण अशा खात्यातून पैसे काढताना माणूस समोर हजर असावा लागतो. म्हणजे ज्या माणसाने अठरा वर्षे कार्यालयाचा जावक विभाग सांभाळला, तो एका दुपारीत त्यांच्या दप्तरी निरक्षर झाला. त्यातच माझा फोन पाण्याच्या बादलीत पडला. नव्या फोनवर बँकेचे ॲप नोंदवायला कार्डावरचे आकडे लागत. कार्ड नाही, म्हणून ॲप नाही. यूपीआयचा पिन गडबडीत तीनदा चुकला, आणि तो नव्याने ठरवायलाही तेव्हा कार्डच लागत असे. (आता आधारवरूनही पिन ठरवता येतो, तेवढी सोय झाली आहे.) ॲपची अडचण ॲपमध्ये नसते, ती शाखेतल्या कपाटातल्या एका कागदात असते, हे मला त्या आठवड्यात समजले.

सात महिने असे गेले. प्रत्येक वेळी पैसे काढायला रजा टाकायची, ओळखीचा साक्षीदार गाठायचा, त्याचा चहा करायचा आणि रांगेत उभे राहायचे. वीजबिल, औषधे, मुलीच्या प्रवेशाचे शुल्क, सगळे दुसऱ्याच्या फोनवरून. शेवटी कंटाळून मी पगार आला की मोठी रक्कम काढून पुतण्याच्या खात्यात भरू लागलो आणि तो माझी देणी त्याच्या ॲपवरून भागवू लागला. मुलगा प्रामाणिक होता, एका पैचाही घोळ झाला नाही. पण प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी तो प्रवासात होता, फोन लागत नव्हता, आणि मला शेजाऱ्यांकडे हात पसरावा लागला. माझे पैसे होते, मुदतीच्या आत होते, फक्त माझ्या हाताखाली नव्हते. आपला मुलगा सगळे करून देतो असे आपण लिहिले आहे, ते वाचून मला हाच दिवस आठवला.

मला तेव्हा कोणी सांगितले नाही ते आता सांगतो. रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ रोजी परिपत्रक काढून बँकांना कळवले आहे की धनादेश पुस्तिका, एटीएम, इंटरनेट बँकिंग, लॉकर, किरकोळ कर्जे ह्या सुविधा दृष्टिबाधित खातेदारांना कोणताही भेद न करता द्याव्यात. म्हणजे माझ्या प्रसंगाच्या आधी दहा वर्षे तो कागद अस्तित्वात होता. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या १३ व्या कलमानुसार स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा आपला हक्क इतरांइतकाच आहे. त्या काउंटरवरच्या गृहस्थांना हे ठाऊक नव्हते की त्यांना ते सोयीचे नव्हते, ह्याचा मी आता विचार करत नाही. राग येतो तो ‘तुमच्याच सुरक्षिततेसाठी’ ह्या शब्दांचा. आंधळ्या माणसाची सोय बंद करताना प्रत्येक कार्यालयाला त्याच्या सुरक्षिततेची आठवण कशी होते, हे कोडे मला सुटलेले नाही. असो.

ते परिपत्रक मी फोनवर उतरवून घेतले आणि शाखाधिकाऱ्यांच्या टेबलावर फोन ठेवून टॉकबॅकलाच मोठ्याने वाचायला लावले. ते दोन परिच्छेद ऐकून ‘वरती विचारतो’ म्हणाले. मग लेखी तक्रार, तीस दिवसांची वाट, आणि त्यानंतर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या बँकिंग लोकपालाकडे अर्ज. दरम्यान शाखाधिकारी बदलले. नव्या बाईंनी एका सकाळी बोलावून सहीचा नमुना नव्याने घेतला आणि पंधरा दिवसांत कार्ड हातात आले. हे लोकपालामुळे झाले की बदलीमुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तक्रारीची पोच मात्र मी अजून जपून ठेवली आहे.

तेव्हा सोमवारी अंगठ्याचा अर्ज देऊ नका, सहीचा नमुना नव्याने नोंदवण्याचा अर्ज द्या. माझी सही बदलली आहे, हा तिचा नवा नमुना, एवढाच मजकूर पुरतो. सही लहान आणि एका दमात होणारी ठरवा, पूर्ण नाव लिहिण्याचा हट्ट नको. जुन्या एक्सरेच्या फिल्मला बोटभर रुंद आणि चार बोटे लांब अशी खिडकी कापा, ती कागदावर ठेवून घरी रोज वीस सह्या करा आणि मुलाला त्या एकमेकींशी ताडून पाहायला सांगा. माझी पट्टी पाकिटात कायम असते. शाखेत ती वापरताना कोणी हरकत घेतली तर शांतपणे सांगावे की चश्म्याला जशी हरकत नाही तशी हिलाही नसावी.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कोणी दुखावेल. जन्मापासून अंध असलेल्या आणि कधी सही न शिकलेल्या माझ्या अनेक मित्रांचा अंगठाच चालतो, त्यात कमीपणा नाही. अंगठा देणाऱ्याचेही कार्ड आणि ॲप बंद करणे योग्य नाही. माझे म्हणणे एवढेच की हाताला सही येत असताना निव्वळ त्यांच्या सोयीसाठी ती सोडू नये; आणि सोडायचीच झाली तर कार्ड, धनादेश व मोबाइल बँकिंग चालू राहील असे लेखी घेतल्याखेरीज सोडू नये.

आता एवढे सगळे एका ॲपसाठी कशाला, असे आपल्या मनात येईल. दीड वर्षात नोटांचा अनुभव आपण घेतलाच असेल. नव्या नोटांची उंची शंभर, दोनशे आणि पाचशे ह्या तिन्हींना सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५० मिलिमीटर, म्हणजे फरक दर वेळी चार मिलिमीटरचा. घरी टेबलाशी बसून तो कळतो, मंडईत पिशवी सांभाळताना कळत नाही. रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ नावाचे ॲप जानेवारी २०२० पासून आहे, ते इंटरनेटशिवायही नोट ओळखते आणि मी रोज रात्री पाकीट त्याच्यापुढे मोजतो. पण त्याला चांगला उजेड लागतो, आणि नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही. भाजीवाल्यापुढे ते उघडून बसणे मला तरी जमलेले नाही. त्यामुळे बाहेर मी यूपीआयनेच पैसे देतो. क्यूआर कोडवर कॅमेरा धरण्याची कसरत करण्यापेक्षा दुकानदाराचा मोबाइल क्रमांक विचारतो, फोनने उच्चारलेले नाव त्याला मोठ्याने सांगतो, रक्कम टाकल्यावर ती पुन्हा ऐकतो (एकदा साडेचारशेच्या जागी साडेचार हजार गेले होते, दूधवाला भला माणूस, त्याने परत केले) आणि त्याच्या दुकानातला स्पीकर बोलेपर्यंत जागचा हलत नाही.

पिन टाकताना एका कानात इअरफोन असावा, दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा. टॉकबॅकमध्ये पडदा पूर्ण काळा ठेवण्याची सोय आहे, ती शोधून काढा. आपल्याला पडद्याचा उपयोग नाही, शेजारी उभ्या असलेल्याला मात्र असतो. पगाराच्या आठवड्यात बँकेचे ॲप अद्ययावत करू नये, हे माझे वैयक्तिक मत. सुरक्षेच्या दृष्टीने कोणी त्याला नावे ठेवील, पण नव्या आवृत्तीत काल बोलणारी बटणे आज नुसती ‘बटण, बटण’ म्हणू लागलेली मी पुष्कळदा ऐकली आहेत. अशा मुक्या बटणांना टॉकबॅकमधून स्वतः नाव देता येते, ते मुलाला शेजारी बसवून एकदा करून घ्यावे.

कॅमेऱ्यापुढचे वर्णन सांगणारी ॲप, लुकआउट, सीइंग एआय, बी माय आइज, ही खरोखर उपयोगी आहेत. पत्रिका कुणाची आली, डब्यात डाळ कोणती, शर्टाचा रंग कोणता, एवढ्यासाठी मी दिवसातून दहा वेळा ती उघडतो. मात्र औषधाची मुदत आणि बँकेचा कागद ह्या दोन बाबतींत मी त्यांच्यावर विसंबत नाही. यंत्र चुकते तेव्हाही त्याच ठाम आवाजात चुकते. आणि बी माय आइजवरचा स्वयंसेवक कितीही सज्जन असला तरी पासबुक परक्याला दाखवू नये.

केवायसीच्या, म्हणजे खातेदाराची ओळख पडताळण्याच्या, वेळी ॲप ‘डोळे मिचकवा’ म्हणते आणि पुढे जाऊ देत नाही, असे आपण शेवटी लिहिले आहे. ह्याबाबत परिस्थिती बदलली आहे. प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल देऊन डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय द्यावा हा त्यांतलाच एक. सगळी ॲप लगेच सुधारली आहेत असे मुळीच नाही. पण अर्जात निकालाचे नाव आणि तारीख घातली की समोरच्याला ‘अशी सोय नाही’ एवढे म्हणून फोन ठेवता येत नाही, हे मी दोनदा पाहिले आहे.

मुलाला सोमवारी सोबत अवश्य न्या, पण काउंटरवर त्याने बोलू नये. तो बोलू लागला की सगळे त्याच्याशीच बोलतात आणि आपण खुर्चीवर ठेवलेल्या पिशवीसारखे होतो. त्याने दोनच कामे करावीत: आपल्यापुढे ठेवलेला प्रत्येक कागद खालच्या बारीक टाइपासह वाचून दाखवणे, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व घेणाऱ्याची सही आली आहे ना ते पाहणे. ‘पोच नंतर घेऊन जा’ म्हणाले तर तिथेच बसून राहा. साडेतीनच्या पुढे गर्दी ओसरते, तोपर्यंत कोणीतरी शिक्का मारतेच.